रबर तुटलं नव्हतं, अक्का

अक्का, तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. चौकातल्या फळ्यावर कुणीतरी तुझ्या नावाआधी 'कै.' लिहिलं होतं. मी ते ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. कैलासवासी म्हणजे आपला वेळ भरल्यावर, अंथरुणात, लेकरांच्या हातचं पाणी पिऊन गेलेलं माणूस. तुला फावड्याच्या दांड्यानं मारलंय. भरदुपारी, नदीच्या पात्रात, सहा बायकांच्या देखत. एवढं वाक्य मी कुठल्याही पत्रकात मोठ्या टाइपात छापू शकतो आणि त्यात एक अक्षर खोटं निघणार नाही. त्यापुढचं मात्र पत्रकात मावत नाही. ते तुलाच सांगतो, कारण त्यात मीही आहे, आणि माझ्या पत्रकांत मी कधीच नसतो.

त्या दुपारी मी तिथं नव्हतो. जळगावात छापखान्यात बसून 'गिरणेची वाळू कुणाच्या घशात?' या मथळ्याखाली कुठला फोटो टाकायचा यावर वाद घालत होतो. त्यामुळे मला जे माहीत आहे ते बायकांच्या तोंडून. कापूस वेचणीचे दिवस, तुझी टोळी शेतातून परत येत होती, आणि उताराच्या जागी वाळूचा ट्रॅक्टर पात्रात शिरताना दिसला. तू डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलंस आणि चाकासमोर मांडी घालून बसलीस. बाकीच्या सगळ्या जणींना म्हणालीस, "बठ्ठ्या बसा. बठ्ठ्या बसतीन, तवय ट्रॅक्टर थांबी." ट्रॅक्टरमालकाचा पुतण्या खाली उतरला. तो तुझ्यावर ओरडला तेव्हा तू बसल्या जागेवरून विचारलंस, "नदी तुना बापनी शे का?"

पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा जबड्यावर. आवाज कपाशीची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आला, असं सहाच्या सहा जणी सांगतात, आणि त्यांनी एकमेकींत ठरवून हे सांगितलेलं नाही. तू पडली नाहीस. दोन्ही तळव्यांत हनुवटी धरलीस, भरलेला तांब्या धरतात तशी, आणि तिथंच बसून राहिलीस. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. ट्रॅक्टर उलटा वळून वर जाईपर्यंत तू उठली नाहीस. बायका म्हणतात, अक्का जिंकली. मीही तेच छापलं. आज मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. जिंकलेल्या बाईचा जबडा दोन ठिकाणी मोडलेला असतो का?

धुळ्याला न्यायचं ठरलं कारण तुझी लेक मनीषा तिथून जवळ, नरडाण्याला दिलेली. दवाखान्यातली ती तरुण डॉक्टरीण तुला आठवते ना, जिला तू नंतर 'तारवाली' म्हणायला लागलीस? तिनं वरच्या आणि खालच्या दातांना बारीक तारांनी पट्ट्या बांधल्या, पट्ट्यांना आकडे होते, आणि वरच्या आकड्यातून खालच्या आकड्यात बोटाच्या नखाएवढी रबराची कडी ताणून अडकवली. एक नव्हे, सहा. तुझं तोंड बंद झालं. अख्ख्या तालुक्यात ज्या तोंडाला तलाठी घाबरायचा ते तोंड रबराच्या सहा कड्यांनी बंद झालं.

"नातेवाईक कोण?" तिनं विचारलं.

"मी."

"कोण लागता?"

"कार्यकर्ता."

"कार्यकर्ता हे नातं फॉर्मात नाही हो. भाऊ लिहिते."

मग तिनं मला पुढे बोलावलं आणि ओढ मोजायचा बॉलपेनएवढा स्प्रिंगचा काटा हातात घेतला. त्यात नवी कडी अडकवून ताणली, काटा सरकला तो दाखवला. मग ट्रेमधली एक जुनी कडी उचलली, कुणाच्या तरी तोंडातून नुकतीच काढलेली. तेवढंच अंतर ताणली. काटा अर्ध्या वाटेतच थांबला. "दिसायला दोन्ही सारखीच," ती म्हणाली. "जुनी तुटलेली नाही, चिरलेली नाही. पण ओढ गेली. तोंडातली ऊब, लाळ, दिवसभराचा ताण, यानं रबर थकतं. पहिल्या काही तासांतच बरीच ओढ जाते, मग हळूहळू जात राहते. म्हणून रोज सकाळी सहाही काढायच्या, फेकायच्या, नव्या लावायच्या. मोडलेली हाडं एकमेकांना धरून राहतात ती या ओढीवर. समजलं?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

मी काय करत होतो सांगू? मोबाईलवर तुझ्या बंद तोंडाच्या फोटोखाली टाकायची ओळ लिहीत होतो. काटा मी पाहिला, पण जत्रेतला पाळणा पाहावा तसा. तिनं ती सूचना एका कागदावर लिहून दिली. गेली सहा वर्षं मी लोकांना कागद वाटतो. घ्या, वाचा, खिशात घालू नका, असं ओरडून सांगतो. मला मिळालेला हा एक कागद मी घडी करून खिशात घातला.

निघताना तिनं तुझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यानं एक छोटी कात्री बांधली. उलटी झाली तर रबरं कापायची, नाहीतर गुदमरशील, म्हणून. एसटीत बसलेली माणसं त्या कात्रीकडे बघत होती. पारोळ्याला शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "अक्का, शिवणकाम करतेस का?" तू दातांतून 'हं' केलंस आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसलीस. सुजून काळ्यानिळ्या झालेल्या चेहऱ्यात ते डोळे तेवढे धड होते.

आता त्या खिळ्याचं बोलू.

आपल्याकडे प्रत्येक चुलीजवळ तो असतो. मिठाईच्या पुड्याचं, साडीच्या खोक्याचं, बियाण्याच्या पाकिटाचं, जे रबर घरात येईल ते त्या खिळ्याला लटकतं. तुटेपर्यंत त्याला मरण नाही. तुझ्या घरात तर त्याचा झुपकाच होता. धुळ्याहून आणलेली ती दोन पाकिटं, ज्यांच्यावर सशाचं चित्र होतं, त्यातल्या पहिल्या दिवशीच्या सहा कड्या तू दुसऱ्या सकाळी आरशात बघून काढल्यास, धुतल्यास, उजेडात धरून एकेक ताणून बघितलीस आणि परत लावल्यास. मी समोर होतो. मी म्हटलं, "अक्का, मॅडमनं फेकायला सांगितलंय ना?"

तू दात न उघडता म्हणालीस, "तुटनं नही ना? मंग काबरं फेकू?"

आणि लांब बोलता येईना म्हणून जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहिलंस की ही पाकिटं संपली तर धुळ्याला कोण जाणार, ससा जपून वापरायचा. मी हसलो. मला ते पटलंसुद्धा. चळवळीत आम्ही हेच शिकलो ना, जुन्या बॅनरची मागची बाजू रंगवायची, वापरलेल्या कागदाच्या पाठीवर मसुदा लिहायचा. काही वाया घालवायचं नाही. जे तुटलं नाही ते चालतं. वस्तूच्या आतलं काहीतरी संपू शकतं आणि वरून काहीच दिसत नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरीण शिकवत होती तेव्हा मी ओळ जुळवत होतो.

पहिलं पत्रक तुला आवडलं नव्हतं. 'अक्काच्या तोंडाला कुलूप' असा मथळा आणि खाली तुझा फोटो. तू ते वाचलंस, पाटी ओढलीस आणि खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलंस: 'कुलूप नही. रबर शे. डाक्तरनी लावं. खोटं काबरं छापस?'

मी समजावलं. "अक्का, ही प्रतिमा आहे. म्हणजे त्यांनी तुझा आवाज दाबला, असं."

तू पाटी पुसलीस. 'मना जबडा मोडा. आवाज नही. जे मोडं ते छाप.'

"लोकांना असं लिहिलेलं भिडतं गं."

'तू भलता शाना व्हई ग्या,' तू लिहिलंस, आणि पाटी माझ्या अंगावर फेकलीस. तिचा कोपरा माझ्या गुडघ्याला लागला. आत मनीषा तुझ्यासाठी पेज गाळत होती, पहिले आठ दिवस ती कंपनीतून रजा घेऊन आली होती. ती आतून ओरडली, "भाऊ, आई सध्या बोलत नाही म्हणून वाचलास!" त्या दिवशी तू हसलीस तेव्हा रबरं ताणली गेली आणि दुखलं म्हणून हनुवटी धरून बसलीस.

हा वाद आपला सहा वर्षांचा. मी दुष्काळावर 'आभाळ विकलं गेलं' लिहिलं तेव्हा तू विचारलंस, किती एकर वाळलं ते लिहिलं का. रेशनच्या मोर्च्यात मी 'भुकेचा वणवा' म्हणालो, तू माइक हिसकून कुणाच्या कार्डावर किती किलो कमी मिळालं ते घरोघरच्या नावानिशी सांगितलंस, आणि दुकानदार मागच्या दारानं पळाला. माझ्यापेक्षा तुझं भाषण भारी होतं हे मी तुला कधी म्हटलं नाही. संघटनेच्या बैठकीत नाना मला 'आपली लेखणी' म्हणायचे आणि मी फुगायचो. लेखणी माझी होती, तिच्यात घालायला काही असेल तर ते तुझ्याकडून यायचं. हे तुला सांगायचं राहिलं. आता सांगतोय त्याला काही अर्थ नाही, तरी सांगतो.

म्हणून दुसऱ्या पत्रकात मी शहाणपणा केला. म्हटलं, आता प्रतिमा नको, अक्काला खरं लागतं. मी खरंच लिहिलं. तुझ्या खिळ्याचा फोटो, त्यावर धुऊन वाळायला लटकवलेल्या सहा कड्या, आणि खाली: 'तेच रबर. रोज धुऊन, रोज ताणून. रबर तुटत नाही. अक्काही तुटत नाही.'

ते तू दोनदा वाचलंस. मग माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि दातांतून म्हणालीस, "हाई खरं शे."

सहा वर्षांत तू माझ्या पत्रकाला दिलेली ती पहिली शाबासकी. अक्का, मला त्या शाबासकीनं मारलंय. दोन हजार प्रती वाटल्या. गावोगावच्या बाया तुला भेटायला आल्या त्या मुठीत रबरं घेऊन. कुणी वेणीचं आणलं, कुणी दुधाच्या पिशवीचं, एका म्हातारीनं तर सायकलच्या ट्यूबची चकती कापून आणली. तू ते सगळं खिळ्याला लावलंस. आम्हाला वाटलं, काय हे प्रेम. प्रेमच होतं ते. आणि तुझ्या तोंडात सहा मेलेल्या कड्या होत्या, ज्यांनी काहीच धरून ठेवलेलं नव्हतं.

आठ दिवसांनी तपासणीला बोलावलं होतं. त्याच दिवशी मी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा ठेवला. मुद्दाम नाही, पण तारीख बदलता आली असती. मला तू पुढे हवी होतीस, गळ्यात कात्री, बंद तोंड, हातात पाटी. कॅमेरे तुझ्यावर होते. तू उन्हात दोन तास उभी राहिलीस. परत येताना गाडीत तू गालाला हात लावून बसली होतीस. मी विचारलं, दुखतंय का. तू मान हलवलीस. मी विचारलंही ते मोबाईलवरून मान न उचलता. फोटो कुठे कुठे लागले ते बघत होतो.

तिसऱ्या आठवड्यात धुळ्याला गेलो तेव्हा डॉक्टरणीनं दिवा तुझ्या तोंडाजवळ ओढला. वरचे दात एकीकडे, खालचे दुसरीकडे. हाड सरकलेलं, मोडलेल्या जागी हलत असलेलं, आणि हिरडीखाली पू. तिनं तुझ्या तोंडातली कडी काढून तोच काटा लावला. काटा हललाच नाही म्हटलं तरी चालेल.

"कधी बदललं होतं हे?"

मी म्हटलं, "रोज धुतो आम्ही."

तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. "धुतो? मी तुम्हाला काट्यावर दाखवलं होतं ना! हे काय कपडे आहेत धुवायला? याच्यात आता दोऱ्याएवढीही ओढ नाही. हाड तीन आठवडे आत मोकळं घासतंय. तुम्ही भाऊ आहात की कोण आहात?"

माझ्या पिशवीत तेव्हा पत्रकांचा गठ्ठा होता. खिळ्याचं पत्रक वर होतं. तिनं ते वाचलं. मला वाटलं ती फाडेल. तिनं घडी घालून टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाली, आजच भरती करा, पू काढावा लागेल, हाडावर धातूची पट्टी बसवावी लागेल.

तू पाटीवर लिहिलंस, 'परवा.' दुसऱ्या दिवशी तहसीलदार नदीचा पंचनामा करायला येणार होते, आणि कुठल्या जागेवरून किती खोल उपसलं ते तुझ्याशिवाय कुणाला दाखवता आलं नसतं. डॉक्टरीण म्हणाली, परवापर्यंत थांबू नका. तू माझ्याकडे बघितलंस. तू माझं ऐकलं नसतंस, हे मला माहीत आहे. पण मी म्हटलंच नाही, अक्का. 'आज राहा' हे दोन शब्द मी म्हटले नाहीत. मला पंचनामा हवा होता.

दुसऱ्या सकाळी तुझा गळा जबड्यापासून छातीपर्यंत फुगला होता. दगडासारखा घट्ट. जीभ वर ढकलली गेलेली. तुला आडवं होता येईना, थुंकी गिळता येईना. मी कात्रीनं सहाही रबरं कापली तरी तोंड उघडलं नाही. गाडीत तू माझ्या शर्टाचं पुढचं सगळं मुठीत धरलं होतंस आणि श्वास ओढत होतीस, करवतीचा आवाज येत होता त्यात. एरंडोलपासून धुळ्यापर्यंत मी ड्रायव्हरला शिव्या देत होतो आणि तो बिचारा उडवत नेत होता. तिथं गळ्याला भोक पाडून नळी घातली. त्यांनी जीव तोडून केलं, मी बघत होतो. विष रक्तात उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. शेवटी तू काही बोलली नाहीस. बोलायला जागाच ठेवली नव्हती.

तुला जाळून आल्यावर मी काय केलं तेही ऐक. चार पोरं घेऊन मी उतारावर गेलो. ट्रॅक्टर आला. मी पहिला दगड उचलला. काच फुटली, दुसरा दगड ड्रायव्हरच्या भुवईवर बसला आणि त्याचा डोळा रक्तानं भरला. मला त्याला मारून टाकायचं होतं. खरंच, त्यात प्रतिमा नाही. मी त्याला कॉलर धरून खाली ओढलं. तो पुतण्या नव्हता, कुणी नवाच पोरगा होता, रोजावर आलेला. वाळूत गुडघे टेकून तो म्हणाला, "भाऊ, मारा. पण मना बायकोले बाळंतपणले अक्कानीच दवाखानाम्हा नेलं व्हतं." माझ्या हातात तिसरा दगड होता. तो मी टाकून दिला, पण आधीचे दोन परत घेता येत नाहीत. त्याच्या भुवईला टाके पडले. हे मी पोलिसांना सांगितलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

त्या पुतण्यावर खुनाचं कलम लागलंय. त्याच्या वकिलानं जामिनाच्या अर्जाला एक कागद जोडलाय. कुठला, ओळख पाहू? माझं दुसरं पत्रक. म्हणणं असं की मार लागला पण बाई त्यानं मेली नाही. डॉक्टरांचा सल्ला मोडून घाणेरडी रबरं पुन्हा पुन्हा वापरली, त्यानं पू झाला, त्यानं मेली. आणि पुरावा म्हणून तुझा खिळा, माझा फोटो, माझी ओळ. 'तेच रबर. रोज धुऊन.' सहा वर्षं मी त्यांच्याविरुद्ध छापलं, आणि त्यांच्या कामाचं निघालं ते हे.

संघटनेची बैठक झाली. नानांनी मला पत्रक लिहायला शिकवलं, तू जाणतेस. ते शांतपणे म्हणाले, "सोपं आहे. तू प्रतिज्ञापत्र दे की ती पत्रकबाजी होती. अक्का रोज नवीन रबर लावायची, खिळ्याचा फोटो तू जुळवून काढला. लेखकाची अतिशयोक्ती. कोण खोटं ठरवणार? बाई तर गेली."

"नाना, तिनं मला सहा वर्षं एकाच गोष्टीवरून शिव्या दिल्या."

"मग तिच्या मारेकऱ्याला सोडवून आण तू. खरेपणाचा हार घाल त्याच्या गळ्यात."

नाना वाईट नाहीत, अक्का. ते रडले होते तुझ्या सरणाशी. त्यांना त्या पोराला आत बघायचंय. मलाही बघायचंय. मला तर त्याचा जबडा मोडलेला बघायचाय, दोन ठिकाणी, आणि त्यानं नळीनं पेज ओढलेली. असं वाटणं वाईट असेल तर असू दे. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच वाटतं.

मी नरडाण्याला मनीषाकडे गेलो. तिची पाळी सुटली होती, कंपनीच्या गेटवर डबा हातात घेऊन उभी होती. तिथंच सांगितलं की मी खोटं लिहून देणार नाही. ती आधी नीट बोलली.

"भाऊ, एक ओळ आहे. तू किती खोट्या ओळी छापल्या आजवर."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? माझी आई मेली आणि तुला आता खरं सुचतंय? ती रबरं तुझ्यासमोर धुवायची. तू थांबवलं का?"

"नाही."

"मग आता तरी तिच्या कामी ये!"

तिनं मारलं. हातात डबा होता तशीच. स्टीलची कड ओठावर बसली, दात ओठात घुसला, तोंडात रक्ताची चव आली. गेटवरचा वॉचमन धावत आला. मी त्याला म्हटलं, काही नाही, घरचं आहे. मनीषानं डबा काखेत मारला. "जा," ती म्हणाली. "जा, लिही तुझं खरं. तो सुटला तर तुझ्या दारात येऊन बसेन मी."

परत येताना बसमध्ये मी ओठाला रुमाल लावून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादा मजकूर लिहिण्याआधी विचार केला. वकिलाला उत्तर काय? उत्तर डॉक्टरणीनं दिलं. मी तिला भेटलो तेव्हा खणातलं माझं पत्रक तिनं टेबलावर ठेवलं. म्हणाली, "मी लिहून देते. रबराची ओढ गेली होती, हे खरं. हाड हललं, पू झाला, हेही खरं. पण धड जबड्यात कोणी रबर लावत नाही. मोडला म्हणून लावलं. मोडला नसता तर ते तुमच्या खिळ्यावरसुद्धा आलं नसतं." आणि पुढे: "यानं केस टिकेल का, ते मला माहीत नाही. मी दातांची डॉक्टर आहे."

मलाही माहीत नाही, अक्का. तुला खोटा धीर देत नाही. तो जामिनावर सुटेल कदाचित. कलम खाली येईल कदाचित. उतारावर ट्रॅक्टर अजून येतात.

काल तपास अधिकाऱ्यांसमोर बसलो. सगळं सांगितलं. छापखाना, काटा, खिशातला कागद, खिळा, पत्रक, मोर्चा, परवा. अधिकारी मध्येच थांबले. म्हणाले, "तुम्ही हे असं लिहून दिलंत तर आरोपीचा वकील खूष होईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग का देताय?"

मला तिथं एक झकास वाक्य सुचलं होतं. टाळ्या घेईल असं. मी ते गिळलं. म्हटलं, "झालं ते असं झालं, म्हणून. लिहा साहेब."

ते लिहीत होते, आणि दाराशी मनीषा उभी राहिली. कधी आली मला कळलं नाही. अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच. मला वाटलं, इथंही मारणार. ती आत आली, माझ्याकडे न बघता शेजारची खुर्ची ओढून बसली. माझा ओठ अजून सुजलेला होता. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि अधिकाऱ्यांना म्हणाली,

"माझंही लिहून घ्या. पहिले आठ दिवस मी होते तिथं. रबरं नुसती धुतलेली नव्हती. स्वच्छ व्हावी म्हणून मी ती रोज सकाळी उकळत्या पाण्यात टाकायचे. आई नको म्हणायची, मऊ पडतील म्हणायची. मी ऐकलं नाही."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी पान उलटलं आणि तिला पूर्ण नाव विचारलं. तिनं तिचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, मग तुझं सांगायला तोंड उघडलं आणि तिला ते सांगता येईना.

तुझं नाव मी सांगितलं, अक्का.